आखडलेल्या हातातला चुडा

धुकं असं पडलं होतं की अंथुर्ण्याच्या शिवारात ऊस कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं, त्याचा पत्ता लागत नव्हता. कारखान्याची धुराडी पेटून महिना झाला होता, त्यामुळं धुक्यातसुद्धा मळीचा आंबूस वास भरलेला. वांग्याच्या पानापानावर दव साचलेलं. त्यात बोटं आधीच गारठलेली, म्हणून देठाचे काटे टोचले तरी ते रक्त आल्यावरच कळायचं. कुशाबाई डोक्याला टॉवेल गुंडाळून, कमरेला पोत्याची खोळ बांधून वांगी तोडत होती. कळंबच्या बाजारला जायचा माल उन्हं व्हायच्या आत निघाला तर तो टवटवीत राहतो, नाहीतर गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतं.

बांधावर शेकोटी करून तिचा नवरा गेणू बसला होता. मुलगी बारामतीला दिलेली, मुलगा नोकरीला परगावी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्याचं काम एवढंच, बसायचं आणि बोलायचं.

"तोडतीस का त्यांच्याशी गप्पा मारतीस गं?"

"तुमच्यापरीस बरी हायत वांगी. उलटून बोलत न्हाईत."

"मी गेल्यावर कळंल."

"गेल्यावर मलाच न्हाऊ घालायचंय की. तवा बघीन."

कुणी तिऱ्हाइतानं ऐकलं असतं तर दचकला असता. पण ह्या घरात तो विनोद जुना होता. कुशाबाई वस्तीवरच्या मेलेल्या बायांना शेवटची आंघोळ घालायची. तिची सासू फुलाबाई हे करायची, तिच्यामागं हे काम कुशाबाईकडं आलं. कुणी नेमलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. फुलाबाईच्या शेवटच्या आजारात भावकीतली एक म्हातारी गेली, तेव्हा फुलाबाई खाटेवरूनच म्हणाली होती, "जा गं कुशे, मला उठवत न्हाय." ती गेली, आणि तेव्हापासून जातच राहिली. बाळंतपणात गेलेली, जळालेली, विहिरीतून काढलेली, खाऊनपिऊन म्हातारपणानं गेलेली, सगळ्या तिच्या हाताखालून गेल्या. तिला कधी शिसारी आली नाही. जिवंतपणी ज्या बाईला कुणी पाठ चोळून दिली नाही, तिची पाठ निदान एकदा तरी नीट चोळावी, एवढंच तिच्या मनात असायचं. लग्नकार्यात मात्र तिला हळदीच्या वेळी कुणी हाक मारायचं नाही. पंगत उठल्यावर ताट यायचं. त्याचंही तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही.

त्यांच्या एकरभर वांग्याला पाणी होतं ते विजयसिंहच्या विहिरीवरून. विजयसिंह म्हणजे भावकीतला धाकटा दीर. त्याचा पन्नास एकर ऊस, सोसायटीत वट, गाव त्याला तात्या म्हणायचं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यानं आपल्या पाइपलाइनीला एक फाटा काढून गेणूच्या बांधावर व्हॉल्व्ह बसवून दिला होता. फुकट. फक्त पाहुणे आले की तो त्यांना मुद्दाम बांधावर आणायचा आणि म्हणायचा, "ह्यो बघा, आमच्या आबाला पाणी दिलंय." गेणू हात जोडून हसायचा. कुशाबाई त्या वेळी वांग्यात वाकायची, मान वर करायची नाही.

खोळ निम्मी भरली असेल, तेवढ्यात बांधावरून कुणीतरी पळत आलं. विजयसिंहची बायको लीलाबाई. स्वतः. पदर डोक्यावर, पायात चप्पल नाही.

"आक्का, घात झाला. स्वरूपा गेली."

स्वरूपा म्हणजे तिची सून, राजवर्धनची बायको; माहेर भिगवणचं. लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

"कशानं गं?"

"पहाटं धारंला उठली, गोठ्यात पाय घसरला. गव्हाणीच्या दगडावर डोकं आपाटलं. चल लवकर. पाणी तापत ठेवलंय."

"आन राजवर्धन?"

"त्यो कारखान्यावर. काल जेवूनखाऊन ट्रॅक्टर घिऊन गेला ऊस घालायला, रातभर लायनीत. फोन केलाय, यील."

कुशाबाईनं खोळ सोडली. वांगी बांधावर पालथी झाली. गेणूनं काही विचारायच्या आत ती निघालीसुद्धा. वाटेनं तिच्या डोळ्यांपुढं स्वरूपाच उभी राहिली. भरल्या अंगाची, हसताना तोंडावर हात धरणारी. ताक मागायच्या निमित्तानं यायची आणि म्हणायची, "काकी, तुमच्या फोनवरनं आमच्या दादांना एक फोन लावू का? माझ्यातला बॅलन्स संपलाय." दर वेळी बॅलन्स संपलेला. कुशाबाईनं एकदाही खोदून विचारलं नाही.

विजयसिंहच्या अंगणात पाऊल टाकलं आणि तिला पहिला खटका लागला. अंगण झाडलेलं होतं. ओलागच्च सडा टाकलेला. घरात मढं असताना कुणी झाडत नाही, मढं उठल्यावर झाडतात, एवढं शेंबड्या पोराला कळतं. पण पैशावाल्यांचं काही वेगळं असेल, असं म्हणून ती आत गेली.

परसात बंब धडाडत होता. स्वरूपाला परसातल्या न्हाणीजवळ फळीवर उताणी ठेवली होती. लीलाबाईनं नवाकोरा चंदनी साबण आणून दिला, कागदासकट.

"कढतच घे पाणी आक्का. थंडी लई हाय."

थंडी कुणाला, असं कुशाबाईच्या तोंडावर आलं होतं. तिनं पदर खोचला. बायका जमायला लागल्या होत्या, आडोशाला लुगडं धरून उभ्या राहिल्या.

तिनं आधी तुळशीचं पान आणि पाण्याचा थेंब तोंडात घालायला बघितलं. जबडा उघडेना. दोन बोटांनी जोर लावला तरी दातखीळ बसावी तसा घट्ट. शेवटी पान ओठांवरच ठेवलं. काखेत हात घातला तर तिथंसुद्धा ऊब नव्हती, दगडाखालच्या मातीसारखं गार. कूस वळवायला तिघीजणी लागल्या, कारण गुडघे वाकत नव्हते. ओंडका वळवावा तशी ती सबंध वळली. कानामागं केसांत रक्त वाळून गेलं होतं. कुशाबाईनं ते हळूहळू भिजवून सोडवलं.

एवढं सगळं निभावलं असतं. पण सवाष्ण बाई, तिला हिरवा चुडा भरल्याशिवाय, ओटी भरल्याशिवाय कशी उठवणार? आणि ही तर तात्याची सून. सगळं गाव बघायला येणार. लीलाबाईनं डझनभर हिरव्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या, सव्वादोनच्या मापाच्या.

"भरला हात भर. आमच्या घरात काय कमी पडलं असं भिगवणकर म्हणायला नगं," लीलाबाई म्हणाली.

हात तर कोपरात दुमडून छातीशी आखडलेला, मूठ वळलेली. त्या मुठीवरून बांगडी जाणार कशी? फुलाबाईनं एक गोष्ट शिकवली होती. मेलेल्याचं अंग आखडलं म्हणजे त्याचा जीव कुणाच्या तरी वाटेला लागलेला असतो. ज्याची वाट बघतोय त्याचं नाव कानात सांगायचं, कढत पाणी सोडत राहायचं, तेल लावून चोळायचं आणि मायेनं वाकवायचं. अंग सैल होतं. कुशाबाई स्वरूपाच्या कानाशी वाकली.

"भिगवणहून तुझा बाप निघालाय गं बाई. येतोय. हात सोड."

ती तांब्यामागून तांब्या कढत पाणी ओतत राहिली. मनगट चोळलं, कोपर चोळलं, खांदा चोळला. कोपर सुटताना आतून काही तुटल्यासारखं हाताला कळलं. मग बोटं एकेक करून उलगडली. एक बांगडी फुटली, बाकीच्या चढल्या. दोन्ही हात पोटावर ठेवले तेव्हा ती झोपलेल्या बाईसारखी दिसायला लागली. आडोशाच्या बायका म्हणाल्या, "बघ, बापाचं नाव घेतलं आन सैल झाली." कुशाबाईलाही तसंच वाटलं. तिला बरं वाटलं.

घाणेरडं पाणी टाकायला ती सैपाकघराच्या मागल्या दाराशी गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत राजवर्धन पाटावर बसून चहात टोस्ट बुडवत होता. कारखान्यावरून कधी आला, कुणी बघितलं नव्हतं. टोस्टचा भिजलेला तुकडा कपात पडला. त्यानं तो चमच्यानं काळजीपूर्वक काढला, फुंकला आणि खाल्ला. मग कपाच्या तळाशी राहिलेला गाळ चाटला. कुशाबाईच्या हातातली बादली दाराला लागली. त्यानं वर बघितलं, म्हणाला, "काकी, च्या घ्या." ती पाणी टाकून माघारी वळली.

स्वरूपाचा बाप संभाजी भिगवणहून जीपनं आला. धरणाच्या काठाला, हायवेवर त्याची मासळीची खानावळ. भट्टीवरून तसाच उठून आला होता, अंगावरच्या सदऱ्याला मसाल्याचे डाग. तो रडला नाही. पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवला आणि कानामागं त्याचा हात थांबला. बोटांनी त्यानं जखम चाचपली. मग तो कुशाबाईकडं बघून म्हणाला, "तुमी न्हाऊ घातलंत?"

"व्हय."

"लई उपकार झालं." त्यानं हात जोडले. मग विजयसिंहकडं वळून तेवढ्याच आवाजात म्हणाला, "पाव्हणं, चिरफाड झाल्याबगार माझी पोर जळायची न्हाय." आणि खिशातून फोन काढला.

विजयसिंहनं हातापाया पडून बघितलं, दरडावून बघितलं. पोलिसांची गाडी आलीच. प्रेत इंदापूरला सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. घरातली एक बाईमाणूस बरोबर पाहिजे होती. लीलाबाईला नेमकी तेव्हाच भोवळ आली. म्हणून कुशाबाई गेली.

दवाखान्याच्या मागल्या बाजूला लिंबाखाली बाकडं होतं. धुकं विरून ऊन पडलं होतं, तरी कुशाबाई कुडकुडत होती. हाताला चंदनी साबणाचा वास चिकटलेला. नाकाजवळ हात गेला की तिला टोस्ट आठवायचा. विजयसिंह तिथंच उभा राहून फोनवर फोन लावत होता.

दुपारी आतून डॉक्टरीणबाई आल्या. डॉक्टर वृषाली, वयानं कुशाबाईच्या लेकीएवढ्या. डोळे दमलेले.

"हिला चुडा कुणी भरला?"

"म्या."

"हात कसे होते तुम्ही धरले तेव्हा? आखडलेले होते की सैल?"

कुशाबाई तोंड उघडायच्या आत विजयसिंह मधे पडला. "मऊ व्हतं की डॉक्टर. नुकतीच गेलती, ऊनऊन अंग व्हतं. व्हय ना वैनी?"

"मी त्यांना विचारलंय," डॉक्टर म्हणाल्या.

कुशाबाई विजयसिंहकडं बघत राहिली. एवढ्याशा गोष्टीसाठी हा माणूस खोटं का बोलतोय, ते तिला कळेना. हात आखडलेले होते म्हणून कुणाचं काय बिघडतं? पण त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. तिला बांधावरचा व्हॉल्व्ह आठवला.

"ध्यानात न्हाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. रागावल्या नाहीत. "आठवलं तर सांगा. फौजदार येतील तुमच्याकडं," एवढंच म्हणून त्या परत आत गेल्या. पलीकडं भिंतीला टेकून संभाजी उकिडवा बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तिला त्याच्याकडं बघवेना.

त्या संध्याकाळी तिनं परातीत पीठ घेतलं आणि तशीच बसून राहिली. उकळतं पाणी पिठात घालायचं, हातानं मळायचं, मऊ करायचं. तिच्यानं होईना. राखेनं हात घासले, लिंबाचा पाला चोळला, तरी तो वास जाईना. शेवटी गेणूनं स्वतः भाकरी थापली.

"ही काय भाकर हाय?"

"इंदापूर तालुक्याचा नकाशा हाय. खा," गेणू म्हणाला. मग तिचं तोंड बघून हळू आवाजात म्हणाला, "काय झालंय कुशे?"

"काय न्हाय. नुस्ती मळमळ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच विजयसिंह आणि लीलाबाई दोघं आली. सुतकातली माणसं दुसऱ्याच्या दारात येत नाहीत, तीही रीत त्यांनी मोडली. लीलाबाईनं येताना चहापत्तीचा पुडा आणि साखर आणली होती. गेणूनं घोंगडी अंथरली.

"वैनी," विजयसिंह खाकरत म्हणाला, "आज फौजदार येणार हाय. जबाब घेतील. घाबरायचं काय न्हाय. अंग मऊ व्हतं म्हणायचं. हात आपसूक वाकला, बांगड्या सरळ चढल्या. काखंत ऊब व्हती. तोंडात पाणी घातलं ते आत गेलं. एवढंच."

त्यानं हे सगळं शाळेतल्या पोराला पाढे शिकवावेत तसं म्हणून दाखवलं. कुशाबाई ऐकत राहिली. हात, काख, तोंड. जिथं जिथं तिला गार आणि कडक लागलं होतं, नेमकी तीच ठिकाणं हा माणूस बोटानं दाखवत होता. हा तर न्हाणीत नव्हता. मग ह्याला कसं ठाऊक, कुठं कुठं ती आखडली होती ते?

"असं का म्हणायचं भावजी?" तिनं विचारलं.

"बारामतीच्या वकिलानं सांगितलंय. अंग कडक व्हतं म्हणलं की त्या डॉक्टरणीचं गणित रातच्या जेवणाच्या टायमावर जातं, आन तवा..." तो थांबला. लीलाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्याचं पुढचं तोंडातच राहिलं.

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. कुशाबाईला काहीच ठाऊक नव्हतं, तोपर्यंत ती निदान बाकड्यावर बसू शकत होती. आता तिला सगळं त्यानंच शिकवलं. जेवणाच्या वेळी राजवर्धन घरात होता. जेवूनखाऊन गेला, असं लीलाबाईच म्हणाली होती. म्हणजे हा जेवला, हात धुतला, आणि मग ट्रॅक्टर चालू केला. रात्रभर हे दोघं त्या पोरीला उशाशी घेऊन बसले, आणि पहाटे अंगण झाडून, बंब पेटवून त्यांनी कुशाबाईला बोलावून घेतलं. कढतच घे पाणी आक्का. थंडी लई हाय.

ती उठून परसात गेली आणि भिंतीला धरून भडाभडा ओकली. गेणूच्या नकाशातला एक तुकडा तेवढा पोटात गेला होता, तोही बाहेर पडला. मागून लीलाबाईचा आवाज आला, मायाळू, "पित्त झालं वाटतं आक्काला. जागरानं व्हतं."

तोंड धुऊन ती परत आली तेव्हा विजयसिंह गेणूशी वांग्याच्या भावावर बोलत होता. जाताना तो बांधावर थांबला, व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाला, "पाणी बरं हाय ना आबा? दाब कमी वाटला तर सांगा. पायजे तर वैनीला चार दिस बारामतीला लेकीकडं धाडा. हवापालट हुईल." चाक त्यानं फिरवलं नाही. नुसतं पुसलं.

ते गेल्यावर गेणूनं घोंगडीची घडी घातली. मग म्हणाला, "पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर धरू न्हाय म्हनत्यात."

"धरू न्हाय."

"एका एकरावर आपलं पोट हाय."

"ठावं हाय मला."

"लेकाचा फोन आला तर त्याला काय सांगू?"

"त्याला सांगा, तुझ्या आईनं मेलेल्या पोरीचा हात मोडला. तिला इचारून न्हाय. खोटं बोलून. बापाचं नाव सांगून."

"तू कुठं खोटं बोललीस? बाप आला की तिचा."

"तिनं त्याच्यासाठी मूठ आवळली नव्हती वो," कुशाबाई म्हणाली. "तिनं रातीच आवळली. म्या ती सोडवली, ह्यांच्यासाठी."

गेणूनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. शेवटी म्हणाला, "मग सांग. वांगी काय, जळाली तर जळाली. जळकं वांगंच भरताला लागतं."

फौजदार मानसिंग दुपारी आला, बरोबर एक बाई हवालदार. तो घोंगडीवर मांडी घालून बसला, पाणी प्यायला. कुशाबाईनं कसलंही पाल्हाळ लावलं नाही. जबडा उघडला नाही ते सांगितलं. काखेतला गारठा सांगितला. गुडघे वाकेनात, ओंडक्यासारखी वळवावी लागली ते सांगितलं. कढत पाणी कुणी तापवलं, कुणी घालायला सांगितलं आणि हात कसा मोडून सैल केला, तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "काल म्या डॉक्टरीणबाईंना ध्यानात न्हाय म्हणले. ध्यानात व्हतं. तेबी लिवा."

मानसिंगनं मान वर केली. "डॉक्टर म्हणालेल्याच होत्या," तो म्हणाला. "मेलेलं अंग वरून खाली आखडत येतं, आजी. आधी जबडा, मान, मग हात, शेवटी पाय. सुटतानाही तसंच, वरून खाली. हिचा जबडा घट्ट, पाय घट्ट, आणि मधले हात तेवढे सैल. त्या म्हणाल्या, हे आपोआप होत नाही, बांगड्या भरणारीनं हात सोडवलेत. फक्त तिच्या तोंडून यायला पाहिजे. कढत पाण्यामुळं अंगाच्या उष्णतेवरून काही काढता येईना. पोटात जेवण तसंच होतं, पण ती रात्री उशिरा जेवली असं हे लोक म्हणाले असते. आता तुम्ही म्हणताय की सकाळी पायापर्यंत लाकूड झालं होतं. ह्या थंडीत अंग आखडायला जास्तच वेळ लागतो. पहाटे मेलेली बाई दिवस उगवायच्या सुमाराला एवढी आखडत नाही."

"म्हंजे सवाष्ण म्हणून चुडा भरला, न्हाईतर..."

"नाहीतर तिचे हात होते तसेच राहिले असते आणि डॉक्टरांना कुणाला विचारायची गरज पडली नसती," मानसिंग म्हणाला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, उठता उठता म्हणाला, "तुम्हाला काय माहीत होतं म्हणा."

हे त्यानं चांगल्या मनानं म्हटलं. कुशाबाईला ते मेलेल्या माशीसारखं लागलं, तोंडातून थुंकताही येईना.

राजवर्धनला दोन दिवसांनी नेलं. आधी तो ट्रॅक्टरचं सांगत राहिला, मग भांडण झालं म्हणाला, मग ढकललं म्हणाला. कशावरून भांडण झालं त्याच्या गावात चार कहाण्या झाल्या, आणि चारहीमध्ये स्वरूपाचीच चूक होती. विजयसिंहलाही ठाण्यावर बसवून ठेवलं, वकील त्याच्यासाठी बारामतीहून आला. वस्तीवरच्या बायका कुशाबाईला बघून पदर सावरायच्या. एकजण तोंडावर म्हणाली, "भावकीचं मीठ खाऊन भावकीलाच बुडवलंस की गं." कुशाबाई म्हणाली, "मीठ न्हाय, पाणी खाल्लं. त्येबी बंद झालं."

ते खरं होतं. जबाब दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हचं चाकच नाहीसं झालं होतं. नुसता दांडा उरला होता. वांग्यांनी चार दिवस दम धरला, मग पानं खाली वळली. धरलेली वांगी देठाशीच सुकायला लागली. गेणू रोज एकदा तो दांडा हलवून यायचा आणि म्हणायचा, "दाब कमी वाटतोय."

मग कुशाबाईनं घागर काढली. कालव्याची चारी शेतापासून लांब होती, पण पाण्याचं आवर्तन चालू होतं. पहिल्या दिवशी मान मोडून आली. दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, सगळं रान काही जगायचं नाही, खालच्या सऱ्या सोडायच्या आणि बांधाकडच्या तेवढ्या धरायच्या.

एका सकाळी ती चारीवर वाकून घागर भरत होती, तेव्हा वरच्या अंगाला लीलाबाई आली. धुणं घेऊन आली होती. घरात विहीर असताना चारीवर कशाला आली, ते उघड होतं. तिनं पाण्यात पाय सोडले, चूळ भरली आणि ती प्रवाहात टाकली. फेस तरंगत खाली आला आणि कुशाबाईच्या घागरीच्या तोंडाशी गोल फिरायला लागला.

"लई मोठी खरं बोलणारी झालीस आक्का," लीलाबाई म्हणाली. "हात तुझंच व्हतं की. पाणी बी तूच वतलंस. म्या नुस्तं तापवलं."

कुशाबाईनं तिच्याकडं बघितलं. लीलाबाई रडलेली नव्हती. केस नीट विंचरलेले, आणि अंगाला तोच चंदनी वास येत होता.

"व्हय," कुशाबाई म्हणाली. "माझंच हात."

तिनं घागर तिथंच उपडी केली, आतून वाळूनं घासली. मग उठली, लीलाबाईला वळसा घालून चारीच्या कडेनं वर चालत गेली. लीलाबाई दिसेनाशी झाली तिथं वाकून घागर पुन्हा भरली.

शेतात गेणू बांधावर बसला होता. "एवढा येळ?"

"पाणी घाण व्हतं."

ती पहिल्या सरीत वाकली. तांब्यानं एकेका झाडाच्या बुडाशी पाणी घालायला लागली. बेतानं. एक तांब्या, थांबायचं, जमीन पिते तेवढं बघायचं, मग पुढचं झाड. काही झाडं वाचतील, काही नाहीत, ते पानांवरून अजून कळत नव्हतं. सरीच्या शेवटाला घागर संपली. तिनं चुंबळ झटकली, डोक्यावर ठेवली आणि परत चारीकडं निघाली.